दुपारी गप्प होणारे पट्टे

तळेगावच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात चौदा वर्षं शिकवल्यानंतर मी पीएचडीसाठी नाव नोंदवलं. विषय होता छोट्या रेडिओंचा. काडेपेटीएवढं यंत्र, आत लहानशी बॅटरी, आणि मोबाइलच्या टॉवरशिवाय त्यानं चार-पाच किलोमीटरवर एवढाच निरोप पाठवायचा: मी इथे आहे. इंदुरीच्या किल्ल्यावरून आमच्या कॉलेजच्या गच्चीवर तो निरोप सुरेख पोचत होता. माझे गाइड सर माझ्याहून वयानं लहान आणि स्वभावानं कडक. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, हे झालं सपाटीवरचं. आता जिथे मोबाइलला रेंजच नाही, तिथे करून दाखवा.

म्हणून मी लोणावळ्यापलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर गेले. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी एका मावशींची गाठ घालून दिली. मावशींच्या पाच म्हशी दिवसभर वरच्या पठारावर चरायच्या, आणि मला त्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे बांधायचे होते. मावशींनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"गळ्याला काचायचं न्हाई ना?"

मी म्हटलं, तुम्हीच बांधा, हवा तेवढा सैल ठेवा. त्यांनी प्रत्येक म्हशीला आधी पट्टा हुंगायला दिला, मगच बांधला. शाळेच्या छपरावर मी अँटेना लावली. पहिल्याच सकाळी लॅपटॉपच्या नकाशावर पाच ठिपके पठाराकडे हळूहळू सरकताना दिसले, तेव्हा शाळेतली सगळी मुलं माझ्या खांद्यावरून वाकली होती.

पण बाराच्या सुमाराला ठिपके एकेक करून नाहीसे झाले. दोन तासांनी आपोआप परत आले. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच.

मी बॅटऱ्या बदलल्या. रविवारी घरी बसून सगळं सोल्डरिंग नव्यानं केलं. सरांना वाटलं, उन्हानं यंत्र तापत असेल. म्हणून मी एक पट्टा आमच्या स्वयंपाकघरात तव्याशेजारी ठेवून पाहिला. नवऱ्यानं भाकरी भाजता भाजता त्याचं तापमान लिहून घेतलं. पट्टा मजेत बोलत राहिला. दोन महिने मी या दोन तासांच्या मागे लागले होते, आणि सरांना पाठवायच्या प्रत्येक अहवालात तेच एक वाक्य लिहीत होते: कारण अज्ञात.

शेवटी कंटाळून मी एक दिवस मावशींबरोबर म्हशींच्या मागे निघाले. त्या अनवाणी, मी बूट घालून, आणि तरी मीच मागे. ऊन चढलं तशी सगळ्यांत थोराड म्हैस चरायची थांबली आणि ओढ्याकडे वळली. बाकीच्या चार तिच्या मागून गेल्या. तिथे कातळात एक रुंद डोह होता. पाचही जणी आत उतरल्या आणि मानेपर्यंत पाण्यात बसल्या. वर फक्त शिंगं आणि नाकपुड्या. मी सोबत आणलेली छोटी अँटेना जोडून लॅपटॉप उघडला. एक ठिपका गेला. दुसरा गेला. मग उरलेले तीनही गेले.

रेडिओच्या लहरी पाण्यात विरतात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर शिकवते. मी कातळावर बसून हसत सुटले. मावशी घाबरल्या, त्यांना वाटलं ऊन लागलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दोन महिने काय काय केलं तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला इचारायचं, मॅडम. दुपारच्या म्हशी कुटं जात्यात ते मी पयल्याच दिवशी सांगितलं असतं."

त्या दिवसापासून मी कामाची दिशाच बदलली. ठिपका दिसत नाही म्हणजे बिघाड, असं मानणं सोडून दिलं. कोणती म्हैस कधी गप्प होते आणि कधी बोलायला लागते, याचीच नोंद ठेवायला लागले.

नवरात्र होऊन गेलं होतं. त्या दिवशी मावशींच्या सुनेनं म्हशी वर नेल्या होत्या, आणि मी शाळेच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. दुपारी चार ठिपके गेले. पाचवा मात्र तसाच. डोहापासून बराच लांब, करवंदीच्या जाळीपाशी, जागचा हलत नव्हता. मी मावशींच्या घरी जाऊन सांगितलं की एक म्हैस पाण्यात गेलेली नाही. कोणती, असं त्यांनी विचारलं. मी पट्ट्याचा नंबर पाहून म्हटलं, कपाळावर पांढरा टिळा असलेली.

"गाभण हाय ती. दिवस भरल्यात." त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "चला बिगीबिगी."

आम्ही पोचलो तेव्हा सून बाकीच्या चौघींपाशी डोहावरच होती; ही म्हैस मात्र जाळीच्या सावलीत उभी होती आणि तिच्या पायाशी ओलं, काळंभोर पारडू धडपडत होतं. म्हैस त्याला चाटत होती. मावशींनी पदरानं पारडाचं नाक पुसलं, शेपूट उचलून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"पारडी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा पट्टा बोलला म्हणून लवकर घावली. न्हाईतर सांज झाली असती हुडकताना."

पारडीला खांद्यावर घेऊन त्या उतरल्या, म्हैस रेकत मागून, आणि सगळ्यात शेवटी मी, लॅपटॉप छातीशी धरून. चौदा वर्षांत बक्षिसं, प्रशस्तिपत्रं मिळाली होती, पण इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशींनी चिकानं भरलेली किटली हातात दिली. घरी नवऱ्यानं वेलची घालून खरवस केला. डबा घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि त्याबरोबर जुना अहवाल आणि नव्या प्रकरणाची पानंही ठेवली. सर एका हातानं वडी खात, दुसऱ्या हातानं पानं उलटत राहिले. मग जुन्या अहवालातलं 'कारण अज्ञात' हे वाक्य त्यांनी स्वतःच्या पेननं खोडलं आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.