चाळीस मिनिटांवरचा भाऊ

आईच्या वर्षश्राद्धाला दादा विमानानं येणार, असं आबांनी, आमच्या वडिलांनी, अंथुर्ण्यात निम्म्या गावाला सांगून टाकलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लातूरला मोठ्या हुद्द्यावर. आईच्या तेराव्याला तो उभ्या उभ्या येऊन गेला, त्यानंतर नुसते फोन.

“लातूर ते बारामती विमानानं चाळीस मिनिटं, आबा. नवाच्या ठोक्याला उतरतो,” तो म्हणाला होता.

मी इंदापूरला शिक्षिका. आदल्या दिवशी गावी आले, तर आबांनी पहिलं तेच विचारलं, “बघ गं मोबाइलवर, खरं हाय का?”

बघितलं. दोन्ही विमानतळांची नावं, मध्ये निळी रेघ, अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चाळीस मिनिटं; एवढं मोठ्यानं वाचलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा नुसता हिशेब आहे, या मार्गावर विमान असेलच असं नाही. ती ओळ मी वाचली आणि गिळली. आबांचं तोंड एवढं फुललेलं होतं.

सकाळी आबा दाढी करून, कडक टोपी घालून स्कूटीवर माझ्या मागे बसले. बारामतीच्या विमानतळाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, “कुणाकडं?”

“पोरगा येतोय लातूरवरनं.”

“आबा, हितं प्रवाशांचं इमान येत न्हाय. इमान चालवायला शिकणारी पोरं घिरट्या घालत्यात, तेवढंच.”

तेवढ्यात एक छोटं विमान धावपट्टीला टेकलं आणि लगेच वर गेलं. आबा टाचा उंचावून बघत राहिले. “त्यात असंल का?”

मी लांब जाऊन दादाला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

“अगं, तुम्ही खरंच गेलात? मी नुसतं अंतर सांगितलं. विमान नाही त्याला मी काय करू? आबांना सांग, रद्द झालं.” आणि तो हसला.

मला शिसारी आली. सख्ख्या भावाच्या आवाजाची अशी किळस कधी आली नव्हती.

“आबा, तो घरीच आहे,” मी म्हणाले. “विमान नव्हतंच. मला कालच कळलं होतं.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. “वाचायचं तर समदं वाचायचं हुतं.”

दादाची किळस तिथंच माझ्यावर उलटली. रडणंसुद्धा खोटं वाटलं असतं. परत येताना आबांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची कडी धरून बसले.

घरी गुरुजी खोळंबले होते. “थोरले चिरंजीव?”

“येत न्हाय. ही बसंल.”

गुरुजी घुटमळले. “मुलगी म्हणजे…”

“आईचं हागणं-मुतणं हिनं काढलंय. तवा चाललं, आता का चालत न्हाय?”

मी बसले. हातातला भात चिकट लागत होता आणि मी आईची मनातल्या मनात माफी मागत होते.

पानं उठल्यावर दादाचा फोन आला. आबांनी तो कानाला लावला, थोडं ऐकलं आणि न बंद करता खाटेवर ठेवून गोठ्याकडे गेले. “पुढच्या वर्षी नक्की, आबा,” रिकाम्या खाटेवर आवाज चालूच होता. मी पुढं झाले आणि फोन कापला.