अण्णाचा कोश आणि उरलेली पानं

“आत्या, बाबा गेले,” उदगीरहून भाच्याचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “अरे, पण पुस्तक राहिलंय की!”

अण्णा, माझा थोरला भाऊ, उदगीरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. त्याच्याकडे इंग्रजी साहित्याचा एक जाडजूड कोश होता. लेखक, नाटकं, कादंबऱ्या, पात्रं, सगळं त्यात. आणि प्रत्येक कथेचं सार, शेवटासकट. चाकूरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरांना मूळ कादंबऱ्या बघायलाही मिळत नसत. अण्णा त्यांना ओसरीवर बसवून कोश वाचून दाखवायचा. कितीतरी जण त्या एका पुस्तकावर एम.ए. झाले. मीही झाले. हे मान्य करायला आजही जिवावर येतं, कारण त्याच कोशानं त्यानं मला आयुष्यभर छळलं. मी कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसले की हा कोश उघडणार आणि मोठ्यानं वाचणार, “शेवटी नायक बुडून मरतो. झालं! ऊठ सुमे, चहा टाक.” मी रडले की खदाखदा हसायचा. लग्न होऊन लातूरला आले तरी फोनवर विचारायचा, “काय वाचायलीस?” मी नाव सांगत नसे.

मग शुगरनं त्याचे डोळे गेले. मी दर रविवारी बसनं उदगीरला जाऊन त्याला एक नवी कादंबरी वाचून दाखवू लागले. मीही ती पहिल्यांदाच वाचत होते. शेवटची थोडी पानं उरली तेव्हा तो अगदी पुढं सरकून बसला.

“सुमे, थांबू नको. त्या बाईचं काय होतंय?”

“तुझ्या कोशात बघ की.”

“त्यात न्हाई हे. लई जुना हाय तो. वाच ना!”

“पुढच्या रविवारी,” म्हणत मी पुस्तक मिटलं. त्याचा हात हवेत पुस्तक चाचपत राहिला. परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही… रविवारच्या आधीच तो गेला.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नाही, बसवून पुरायला नेतात. खुर्चीत बसवलं, कपाळाला विभूती लावली, पण मान सारखी कलत होती. भाच्यानं मानेमागे कोश खोचला. अण्णाचे जुने विद्यार्थी तो बघून हुंदके देऊ लागले. न्यायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, “कोश बी संगं ठेवायचा का, ताई?”

“नाही,” मी म्हटलं आणि ओढून काढला. अण्णाची मान माझ्या हातावर पडली.

कोश आता माझ्या टेबलावर आहे. त्याच्या पुठ्ठ्यावर विभूतीचा डाग आहे, मी पुसलेला नाही. शेजारी ती कादंबरी, खूण घातलेली. मी रोज ती उघडते, त्या पानाशी येते आणि मिटते. पुढं वाचवत नाही. प्रत्येक गोष्टीचा शेवट माझ्याआधी लाटणारा माणूस हाही शेवट घेऊन गेला, मेला!

परवा न राहवून मी कोशच उघडला आणि त्या कादंबरीचं नाव शोधत बसले. त्यात ते नाही, हे मला ठाऊक होतं.