आपांचा उन्हाळा

आपांच्या पर्समध्ये बारा महिने खुरपं असायचं. आमच्या बीडच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. तोंडावर मॅडम, पाठीमागे आपा. दर महिन्याला आम्हा पोरापोरींना घेऊन त्या बिंदुसरा नदीत उतरायच्या, रेशमी जाळीतून पाणी गाळायच्या. जाळीत उरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव म्हणजे प्राणिप्लवक. कोणत्या ऋतूत कोणते आणि किती, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय.

नमुन्यावर घाईने फॉर्मॅलिन ओतायला गेलं की हातावर फटका बसायचा. "आधी जितं बगा की! मेलेलं काय, बाटलीत पडूनच राहनार हाय." सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पाणपिसू उड्या मारायला लागली की आपा हरखून जायच्या. "बगा, पाठीवर अंडी घेऊन कशी मिरवायलीय!"

घोडं अडलं उन्हाळ्यात. नदी ठणठणीत कोरडी. मार्गदर्शक सर म्हणाले, "उन्हाळ्यात नदीत जीव नसतात, असं लिहा आणि मोकळ्या व्हा." आपांनी खुरपं उचललं, पात्रातली भेगाळलेली माती खणून आणली आणि परातीत घातली. वर उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे जीव नळातून आले असं कुणी म्हणायला नको. "मॅडम चिखल पाळतायत," म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे हसले. पण काही दिवसांनी पाण्यात ठिपके हलायला लागले. मातीत दडून बसलेली अंडी फुटली होती. आम्ही अक्षरशः नाचलो.

सरांनी परातीत डोकावून पाहिलं. "हे परातीतले जीव झाले, नदीतले नव्हेत. ती ओळ लिहा, नाहीतर मी सही करणार नाही."

"नदी वाळलीय सर, मेली न्हाई. खोटं लिहून डॉक्टर व्हायचं न्हाई मला."

सही झाली नाही. पदवी गेली, तिच्यामागे बढतीही गेली. मला त्या सरांचा अजून राग येतो. आपांना मात्र पुढच्या नमुन्याची घाई असायची.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी मुद्दाम आलो होतो. शाल घालताना प्राचार्य भाषणाच्या भरात "आपल्या डॉक्टर मॅडम" म्हणून गेले. आपांनी माईकच ओढून घेतला. "डॉक्टर न्हाई मी. कावून न्हाई, ते सरांना म्हाईत हाय."

सर पहिल्याच रांगेत, सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

मे महिना होता. आपांनी शाल काढून माझ्या हातात दिली, पर्समधून खुरपं काढलं आणि व्यासपीठावरून खाली उतरल्या.

"चला, कोन कोन येतंय?"

आमची अख्खी रांग उठली.