याडीचा ढावलो

संस्थेच्या बाईंनी याडीला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी आडून बोलते.

याडी म्हणजे लमाणी बोलीत आई. तांड्यावर तिला सगळेच याडी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. सोलापुरात बाजाराच्या तोंडाशी माझं मणी, कवड्या, आरसे, घुंगरू यांचं दुकान आहे. डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरून मी ते उभं केलं. त्यामुळे भाव कसा सांगायचा हे मला कुणी शिकवायला येत नाही. याडी मात्र यायची. पायरीवर बसायची, कांचळीवर, म्हणजे त्यांच्या चोळीवर, शिवायचा आरसा उन्हात धरायची आणि त्याची तिरीप बरोबर माझ्या तोंडावर पाडायची.

"खोटं बोलताना तुझी नाकपुडी हालती," म्हणायची. "आता सांग भाव."

मी चिडून तिच्या हातातला माल ओढून घ्यायचे. ती शांतपणे समोरच्या टपरीवर दोन चहा सांगायची आणि पैसे माझ्याकडून घ्यायला सांगायची. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. ती आली की डोकं उठतं आणि नाही आली की बाजार सुना वाटतो.

तिच्याबरोबर बहुधा लग्न ठरलेली एखादी पोरगी असे. लमाण्यांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. तो म्हाताऱ्या बायका शिकवतात, आणि त्या तांड्यात शिकवणारी आता याडी एकटीच उरली होती. आरसे निवडता निवडता माझ्या पायरीवरच धडा सुरू व्हायचा. एकदा एक पोरगी म्हणाली, शब्द सांग, पाठ करते. याडीने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"सूर माझा घे. शब्द कुटनं देऊ? तुझा बाप काय माझा बाप हाय व्हय?"

मग कुणाकुणाला सोडून चाललीस, असं तिने विचारलं. आई, बाप, भाऊ झाले. आणखी कोण? पोरगी लाजत म्हणाली, शेळी.

"मग शेळीच्या गळ्यात पड आन् रड की."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. पण पोरीने शेळीला हाक मारून सूर लावला तेव्हा हसणाऱ्या बायकाच डोळे पुसू लागल्या. मी याडीवर ओरडले, इथे लोक खरेदीला येतात, रडायला नाही.

शहरातल्या एका लोककला जपणाऱ्या संस्थेच्या बाई नाचाच्या पोशाखाचं सामान घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी याडीला माझ्याच दुकानात पाहिलं. माझ्या देखत शब्द दिला. म्हणाल्या, तुमचा ढावलो एकदा रेकॉर्ड करू द्या, मग तांड्यातल्या सगळ्या मुली तुमच्यापुढे आणून बसवते, वर्ग तुम्हीच घ्यायचा. पोरी शाळेत नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात जायला लागल्यापासून याडीपुढे फारसं कुणी बसत नव्हतं. ती हरखली. तिने स्वतःच्या लग्नातला ढावलो गायला. त्यात तिचा भाऊ थावरा होता. तिच्या लग्नानंतर तो तरुणपणीच तापाने गेला होता.

वर्ग झाला, पण शहरात, संस्थेच्या हॉलमध्ये. याडीला बोलावणं नव्हतं. पोरींनी मोबाइलवर ऐकून तिचा ढावलो पाठ केला आणि रांगेत उभं राहून स्टेजवर म्हटला. मी बाईंना फोन करून जाब विचारला. त्या म्हणाल्या, आजींना प्रवासाचा त्रास कशाला, आणि त्या दर वेळी वेगळंच शिकवतात, मुली गोंधळतात.

याडी तक्रार करत नव्हती. शिकत्यात ना, मग शिकू दे, म्हणायची. तिचं लक्ष नातीच्या लग्नाकडे लागलं होतं. तिनेच वाढवलेली ती नात, तीही संस्थेच्या वर्गाला गेलेली. ओढणीसाठी आरसे घ्यायला आली तेव्हा तिने घासाघीस केली नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. सारखी मलाच विचारत होती.

"गळ्यात पडंल तवा माज्याबद्दल काय म्हनंल गं? मारलेलं काढंल का?"

लग्नाला मी गेले. नातीचा आवाज गोड होता. शेवटी ती याडीच्या गळ्यात पडली आणि गायली, "थावरा, माझ्या भावा, विहिरीवरनं आता तुला कोण हाक मारंल?"

पाठांतर पक्कं होतं. थावरा कोण, हे पोरीला ठाऊकही नव्हतं. तिच्या पाठीवरून फिरवायला उचललेले याडीचे हात तसेच वर राहिले. मग तिने ते हळूच खाली टेकवले आणि पोरीला थोपटत राहिली.

गाडी निघून गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली,

"माजंच रडनं मला दिलं. तिचं कुटं हाय?"

याडी यंदाच्या थंडीत गेली. नात सासरहून धावत आली, प्रेताला मिठी मारून, मयतालाही गात रडायची रीत म्हणून, तिने तोंड उघडलं, आणि तिला एक शब्द सुचला नाही. तांड्यातल्या बायका तिच्याकडे बघत उभ्या होत्या. शिकवणारी खाली पडली होती.

बाई, नात मुकी राहिली याचा जाब मी तिला विचारणार नाही, तुम्हाला विचारते. याडी वेगळं शिकवते ही तुमची तक्रार होती ना? मग त्या पोरीने आजीला काय म्हणून रडायचं, ते तुम्ही सांगा. फोनवर नको. तांड्यावर या, आणि त्या पोरीसमोर उभं राहून सांगा.