सोडलेला भात

आमच्या सासरी, केशोरीकडे, गुरू न केलेल्या माणसाला निगुरा म्हणत. निगुऱ्याच्या हातचं पाणी देवाला चालत नसे. माणसांना मात्र चालायचं, कारण लग्न होऊन आल्या दिवसापासून घरातलं सगळं पाणी मीच भरत होते. तरी सासूबाईंचं एकच, "औंदा महाराज आले का हिचा कान फुंकून घेऊ." कान फुंकायचा म्हणजे गुरूनं कानात मंत्र द्यायचा. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती, मी अठराची होते, आणि माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

महाराज सालेकशाकडचे. दिवाळी झाली की यायचे आणि आमच्याकडे चार दिवस राहायचे. त्याच दिवसांत माहेरच्या गावची मंडई असे. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी माहेरी जातात, रात्री दंडारीचा नाच-नाटक बघतात. भाऊ मला न्यायला बैलगाडी घेऊन आला. सासूबाईंनी त्याला चहा पाजून रिकामाच परत पाठवला, कारण महाराजांसाठी रांधायला हात हवे होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला निमित्त झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला महाराजांसमोर बसवलं. मंत्र घेताना गुरूच्या पायाशी एक खाणं जन्मभरासाठी सोडायचं, अशी रीत होती. लोक यात मोठे हुशार. सासऱ्यांनी सफरचंद सोडलं होतं, जे आमच्या गावात कोणी पाहिलंही नव्हतं. सासूबाईंनी कारलं सोडलं, कारण त्यांना ते आवडत नव्हतंच. माझ्यासाठी घरात दोडका ठरला होता.

महाराजांनी विचारलं, "तू काय सोडून राहिली, बेटी?"

सासूबाई मागून म्हणाल्या, "दोडका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडचं खाणंसुद्धा ह्यांनीच ठरवायचं? मी म्हटलं, "भात."

महाराजांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सोच के बोललीस?"

"हो."

त्यांनी हातात तांदूळ दिले, ते मी त्यांच्या पायाशी सोडले. मग त्यांनी कानात मंत्र सांगितला. मला वाटलं होतं, सासूबाई आता कपाळ बडवून घेतील. झालं उलटंच. दुपारपर्यंत गावभर झालं, अमक्याच्या सुनेनं भात सोडला. बाया माझ्या पाया पडायला आल्या आणि सासूबाई दारात उभ्या राहून त्यांना कुंकू लावत होत्या. मला सासूबाईंना चांगली अद्दल घडवायची होती, आणि मी त्यांना मिरवायला दागिना दिला.

धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय, हे मला आठ दिवसांत कळलं. भात गेला म्हणजे पेज गेली, पोहे गेले, मुरमुरे गेले, अनरसे गेले. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकायचं आणि बांधावर सगळ्या बाया भात खात असताना मी ज्वारीची सुकी भाकर चावायची. जंगलाकडची एक गोंडीण मला कोदोचं भरड धान्य आणून द्यायची आणि बदल्यात आमचे तांदूळ न्यायची. ती हसायची, "तुमी धानवाले, अन् कोदो खाता?" पोटुशी राहिले तेव्हा मला नुसत्या गरम भाताचे डोहाळे लागले. चुलीवर भात शिजायला लागला की मी घरामागे जाऊन उभी राहायची, तर वास तिथंही येई.

सुटका एकच होती. सोडलेलं परत द्यायचा अधिकार फक्त गुरूचा, आणि शिष्यानं तोंडानं मागितलं तरच. पण मागायचं म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं, की ती भक्ती नव्हती, रुसवा होता. घराची इभ्रत त्या भातावर बसली होती. खरं सांगते, माझीही बसली होती.

महाराज दर साली येत. आता ते आमच्याकडे भात घेत नसत. "भाकर दे माय, दुधात चुरून." मला वाटायचं, हे एक नवं सोंग. त्यांचे दात पडत चालले होते, म्हणून मी कुरकुरत भाकर मऊ थापायची. निघताना ते न चुकता मला विचारत, "बेटी, काई मांगाचं हाय का?"

"काही नाही," मी म्हणायची. सात वर्षं मी हेच म्हटलं.

आठव्या वर्षी महाराज आले नाहीत, ते अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. आम्ही नवराबायको अर्जुनीहून लहान रुळाच्या रेल्वेनं गोंदियाला आणि तिथून सालेकशाला गेलो. महाराज खाटेवर होते, हाडं तेवढी उरलेली. त्यांचा म्हातारा सेवेकरी पेजेची वाटी घेऊन बसला होता.

"वैद्य म्हनते, पेज द्या," तो आम्हाला म्हणाला. "हे तोंडच उघडत नाईत. लई सालं झाले, तांदूळ शिवला नाई. एका पोरीनं रागात भात सोडला म्हनते. शिष्याचं ओझं गुरूच्या माथ्यावर, तिनं मांगल्याबिगर मी कसा खाऊ म्हनते. कोन पोरगी, का मालूम."

माझे यजमान माझ्याकडे पाहू लागले. मी खाटेजवळ खाली बसले. शेवटी म्हटलं, "महाराज, माझा भात मले वापस द्या."

त्यांनी डोळे उघडले. "इतके दिस लागले, बेटी?" म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खा."

मी वाटी घेतली आणि आधी चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड उघडलं, पण घशाखाली काही उतरेना. पेज ओठाच्या कडेनं ओघळून उशीवर गेली. मी पदरानं पुसली, पुन्हा चमचा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हातानं वाटी माझ्याकडे सारली.

ती पेज मी तिथंच बसून प्यायले. गार झालेली होती, मीठही नव्हतं. ते बघत होते.

चौथ्या दिवशी ते गेले. घरी आल्यावर सगळं ऐकून सासूबाईंनी माझ्या ताटात भात वाढला. मी जेवले. अजूनही दोन वेळा भातच खाते, पण चूल पेटली की एक भाकर थापते, मऊ, आणि दुधात चुरून ठेवते.