म्हशीचंही मीठ बंद

कडा गावच्या दवाखान्यात मी बीपी मोजते. मूत्रपिंडाच्या दुखण्याने बीपी वाढलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन एक गृहस्थ दर सोमवारी येतात. दंडावरचा पट्टा फुगायला लागला की तिच्या आधी हेच श्वास रोखतात. “घाबरू नको माय, काई न्हाई,” असं इतक्यांदा म्हणतात की पोरगी घाबरतेच आणि आकडा चढतो. मला तर वैताग येतो. डॉक्टरांनी तिचं मीठ कमी करायला सांगितलं, तर या माणसाने म्हशीच्या पेंडीतलंही बंद केलं. “दूध हीच पिती ना, सिस्टर!”

गेल्या सोमवारी पोरीनेच त्यांना चहाला पिटाळलं. तिचा आकडा निमूट खाली आला. मग ती म्हणाली, “आता पप्पांचं मोजा. लई दमल्यात ते.”

ते परतल्यावर मी त्यांना बळंच बसवलं. पट्टा फुगला तशी पोरगी त्यांचा हात थोपटत म्हणाली, “घाबरू नका पप्पा, काई न्हाई.”

आकडा लेकीपेक्षा बराच वर गेला. तो पाहून ते माझ्या कानाशी वाकले.

“सिस्टर, हिला सांगू नका. हिचं वाढंल.”