काट्यावरून गेलेला एक टन

पळसदरीच्या नामा ठोंबऱ्यांची हिरू कंप्युटर शिकली, यात तिचा स्वतःचा बेत फारसा नव्हता. पनवेलच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, शाळेत जागा मिळेना, तेवढ्यात दादरच्या एका क्लासची जाहिरात दिसली. नामाने विचारलं, "ह्यात काय शिकवतात?"

"ते तिथं गेल्यावर कळंल," हिरू म्हणाली.

नामाला हे उत्तर पटलं. जन्म भातशेतीत गेलेला. पुढचं आधी कळत नाही याची त्याला सवय होती.

सत्त्याऐंशी साली लोधिवलीच्या पुढं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, पुठ्ठे करणारा एक कारखाना होता. रद्दीचे ट्रक आत यायचे, पुठ्ठ्याचे बाहेर जायचे, आणि सगळे फाटकाजवळच्या वजनकाट्यावर चढायचे. मालकांनी कंप्युटर विकत घेतला. तो बरेच दिवस खोक्यातच राहिला, मग खोक्याला सोबत म्हणून हिरूला नोकरी मिळाली. तिला सांगितलेलं काम एकच होतं. काट्यावरचं वजन कुणी हाताने लिहायचं नाही. ते तारेतून थेट कंप्युटरमध्ये आलं पाहिजे.

काट्याच्या केबिनमध्ये लाल अंकांची एक पेटी होती. ती वजन एकसारखं बोलत राहायची, एकेक अंक, तारेतून. तार कंप्युटरच्या पाठीमागे सिरियल पोर्ट नावाच्या खाचेत शिरायची. पुढचा अंक नेमक्या कुठल्या क्षणी येईल याचा नेम नाही, आणि पोर्टाच्या हातात एका वेळी एकच अंक मावतो. तो उचलायच्या आत दुसरा आला की पहिला गेला. म्हणून अंक आला की पोर्ट कंप्युटरला हाक मारतो. कंप्युटर हातातलं काम अर्ध्यात टाकतो, अंक उचलून घेतो आणि मग टाकलेलं काम पुढं चालू करतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाकेला ओ देणारा प्रोग्राम हिरूने लिहिला. तो अंक बाजूला जमवायचा, पाच पूर्ण झाले की कंप्युटरच्या मेमरीतल्या ठरलेल्या पाच घरांत एकदम मांडायचा. दुसरा एक प्रोग्राम त्या घरांतून वजन वाचून पावती छापायचा. तोही हिरूनेच लिहिला.

तिच्या आईला, गौराबाईला, स्थळं आणणारे लोक विचारत, मुलगी काय करते. गौराबाई सांगायची, "तारेतून वजन वडते." यावर पुढचा प्रश्न सहसा येत नसे.

पावसाळा सरला आणि गोदामातून कुरबुर सुरू झाली. गोदाम म्हणे ट्रक भरून दहा टनांचा गेला, पावती म्हणे नवाचा. असं पुन्हा झालं, मग पुन्हा. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना फाटकाजवळ बोलावलं. पावतीसाठी काट्याचं बटण दाबायचं काम पोपटकडे होतं, म्हणून टनभर माल चोरून सोडल्याचा संशय त्याच्यावर. पोपट लोधिवलीचा, चाळिशीतला. कारखाना नव्हता तेव्हा ह्याच जागेत त्याची वरकस, उताराची हलकी जमीन होती, तिथं तो नाचणी करायचा.

"बाई," साहेब हिरूकडे वळले, "कंप्युटर चुकू शकतो?"

सगळे तिच्याकडे बघत होते. त्या काळी ह्या प्रश्नाचं उत्तर देशभर एकच होतं.

"कंप्युटर चुकत नाही," हिरू म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि पोपटला सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. पोपट म्हणाला, "बरं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो आला. खाकी कपडे घालून, वेळेवर. फाटकाच्या आत न येता समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर बसला आणि ट्रक बघत राहिला. सुट्टीचा भोंगा झाला तसा उठून गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. कर्जतहून येणारी एसटी हिरूला बरोबर त्या बाकड्यासमोर उतरवायची. रस्ता ओलांडताना तिला पाठ जड व्हायची.

पोपटच्या जागी फाटकावरच्या धाकलूला बसवलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा एक पावती चुकली. फरक एवढाच की ह्या वेळी टन कमी नव्हता, जास्त होता. ट्रक दहाचा, पावती जवळजवळ अकराची. साहेब म्हणाले, धाकलू नवा आहे, शिकेल. हिरू जागेवर येऊन बसली आणि तिने जुन्या पावत्यांची चवड उपसली. जास्तीच्या चुका तिथंही होत्या, फक्त त्यांच्याबद्दल कुणी ओरडलं नव्हतं. चोरी करणारा माणूस मधूनच पदरचा एक टन कारखान्याला कशाला घालील? आणि चुकलेला प्रत्येक ट्रक दहा टनांच्याच आसपासचा कसा? नऊचे, बाराचे सगळे निमूट बरोबर गेले होते.

तिने धाकलूला सांगितलं, "दहाच्या आसपासचा ट्रक आला की थांबव. इंजिन चालू राहू दे."

ट्रक आला. डिझेलच्या धडधडीने लाल पेटीतले अंक डुलायला लागले. नऊ हजार नऊशे नव्वद, दहा हजार, पुन्हा नऊ हजार नऊशे नव्वद. दहा किलोंचा झोका. हिरू कंप्युटरवर वजन पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पडद्यावरही तेच दोन आकडे आलटूनपालटून येत होते, आणि मग एकदम नऊ हजार आला. पेटीत नऊ हजार कधीच उमटले नव्हते.

हिरू खुर्चीत मागे टेकली. तिचा वाचणारा प्रोग्राम एक अंक उचलायचा, पडद्यावर ठेवायचा, मग दुसरा उचलायचा. पाच घरांत ९९९० म्हणजे ०९९९०; त्यातले पहिले शून्य आणि नऊ त्याने उचलले, तेवढ्यात हाक आली, काम अर्ध्यात सुटलं, आणि हाकेच्या प्रोग्रामने घरांत १०००० मांडून ठेवले. परत आलेल्या वाचणाऱ्याला घरं बदलल्याचा पत्ता नाही. त्याने इमानदारीने उरलेली तीन शून्यं उचलली. पुढचे दोन अंक जुने, मागचे तीन नवे. ट्रक दहा किलोंनी हलला होता आणि पावतीवर एक टन नाहीसा झाला होता. उलटं झालं की एक टन उगवत होता.

तिने त्याच दिवशी साहेबांना गाठलं. "साहेब, चूक माझ्या प्रोग्रामची आहे. पोपटभाऊंचा काही संबंध नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर म्हणालात, कंप्युटर चुकत नाही."

"तो नाहीच चुकला. मी चुकले."

"आधी दुरुस्त करून दाखवा. मग बघू."

दुरुस्ती सोपी वाटली. घरांना कुलूप लावायचं. वाचणारा आत असेपर्यंत एक खूण उभी करायची. हाकेच्या प्रोग्रामने खूण बघितली तर ती उतरेपर्यंत थांबायचं, मग मांडायचं. हिरूने तसं लिहिलं, दोनचार ट्रकांवर तपासलं, आणि साहेबांना बोलावलं. साहेबांबरोबर मालकही आले. काट्यावर दहा टनांचा ट्रक धडधडत उभा होता. हिरूने बटण दाबलं.

पडद्यावर दोन अंक उमटले आणि तिथंच राहिले. मालकांनी आदराने वाट बघितली. मागे ट्रक जमायला लागले, फाटकातून रस्त्यावर गेले, रस्त्यावरून पुण्याच्या दिशेने वाढत गेले. पुढच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग सगळ्यांनी दिला. पलीकडच्या बाकड्यावरून पोपट उठला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि एसटीला वाट करून देऊ लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे विचार करतंय का?" मालकांनी विचारलं.

"नाही," हिरू म्हणाली. "हे आता कधीच पुढं जाणार नाही."

काय झालं ते तिला उभ्याउभ्या कळलं होतं. खूण उभी करून वाचणारा आत गेला, आणि तेवढ्यात हाक आली. हाकेचा प्रोग्राम खूण उतरण्याची वाट बघत बसला. पण खूण उतरवायची होती वाचणाऱ्याने, आणि हाकेचं काम संपेपर्यंत वाचणाऱ्याला उठायची परवानगी नाही. दोघं एकमेकांसाठी थांबले होते. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि त्या दिवशीची उरलेली वजनं हाताने लिहिली गेली.

मग हिरूने ठरवलं, कुलूप घरांना नाही, हाकेलाच लावायचं. वाचायला लागण्याआधी कंप्युटरला सांगायचं की आता कुणाची हाक ऐकू नकोस, आणि काम झालं की कान उघड. ह्या वेळी तिने मालकांना बोलावलं नाही, ते बरंच झालं. दहा टनांचे ट्रक बरोबर यायला लागले, पण मधूनच एखादा भरलेला ट्रक शंभर किलोंचा भरू लागला. वजन वाचणं, पडद्यावर दाखवणं, डिस्कवर लिहिणं, सगळं तिने कान बंद ठेवूनच केलं होतं. डिस्क आपल्या चालीने चालायची, आणि तोवर पोर्टातले अंक एकावर एक येऊन हरवायचे; उरलेले अंक सरकून भलत्याच घरांत बसायचे.

शेवटी तिने एवढंच केलं. कान बंद, पाच अंक आपल्याजवळ उतरवून घे, कान उघड. पडद्याचं आणि डिस्कचं काय ते नंतर, सावकाश. आठवडाभर तिने दहाचा एकही ट्रक इंजिन बंद करू दिला नाही. एकही आकडा चुकला नाही.

साहेबांनी पोपटला आत बोलावून सांगितलं, "तांत्रिक कारण होतं. उद्यापासून ये."

हिरू म्हणाली, "साहेब, तेव्हा जे जे फाटकाजवळ होते त्यांना पुन्हा बोलवा."

"कशाला?"

"मी तेव्हा सगळ्यांदेखत बोलले होते."

साहेबांनी नाखुशीने बोलावलं. हिरूने सांगितलं की वजन चुकत होतं ते तिने लिहिलेल्या प्रोग्राममुळे. माणसं ऐकून कामाला गेली. पोपट तिथंच उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "हितं सांगून काय उपेग? हितल्या लोकांना ठाव हुतं. माझी आय दोन म्हयने पाणवठ्यावर जात नाय. तिला सांगा."

म्हणून कामावरून सुटल्यावर हिरू त्याच्याबरोबर लोधिवलीत गेली. पोपटची आई अंबाबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. हिरू जोत्यावर टेकली आणि तार, पोर्ट, हाक, घरं, सगळं सांगू लागली. अंबाबाई पाखडत ऐकत होती.

"म्हंजे चोर कोन?" तिने शेवटी विचारलं.

"कुणी नाही, मावशी."

"आसं कसं? टन गेला ना?"

"टन गेलाच नव्हता. आकडा गेला होता."

अंबाबाईने सूप थांबवलं. "ह्ये मी बायांना कसं सांगू गं? चोर नाय म्हनलं तर म्हनतील, पोराला झाकतेय. कायतरी नाव पायजेल."

हिरू म्हणाली, "माझं सांगा. पळसदरीच्या ठोंबऱ्यांच्या हिरूची चूक होती म्हणून सांगा."

"तुला चालंल?"

"चालेल."

"लगीन व्हायचं हाय ना तुजं?"

"हो."

अंबाबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग सूप बाजूला सारून आत गेली आणि तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन आली. "खा. उपाशी जाऊ नको." हिरू जेवली. पोपट अंगणात उभा राहून तिच्यासाठी एसटीचा आवाज ऐकत होता.

अंबाबाईने दुसऱ्या दिवशी पाणवठा गाठला आणि शब्द पाळला. फार चांगला पाळला. आठवड्याने हिरू चौक गावातून कर्जतच्या एसटीत चढली, तेव्हा अनोळखी कंडक्टरने तिकीट फाडता फाडता तिला निरखलं.

"काट्याची चूक केलीत, त्या तुमीच काय?"

"हो," हिरू म्हणाली.

"पुढं बसा, बाई. मागं लय हादरतं."